मॅथ्स-फिजिक्स जॉइंट डिग्री निभवायची कशी

ज्यांनी मॅथ्स आणि फिजिक्स दोन्ही एकत्र घेतलंय किंवा घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी लिहितोय. मी हीच डिग्री केली आणि मधे एकदा ॲनालिसिसमधे (कॅल्क्युलस पायापासून सिद्ध करत नेणारा मॅथ्सचा विषय) सपाटून आपटलो पण, त्यामुळे खालचं सगळं टॉपरचं ज्ञान नाही, पडून उठलेल्याचं आहे.

आधी एक भीती काढून टाकू. सगळे सांगतात की बाबा रे दोन डिग्र्यांचा अभ्यास एकदम, झोप विसर आता. तसं नसतं. बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडचे मुख्य विषय ठेवतात आणि कडेकडेचे काढून टाकतात, मॅथ्समधून थोडं स्टॅटिस्टिक्स, नंबर थिअरी असलं काही जातं, फिजिक्समधून एखाद-दोन लॅब जातात, तास साधारण इतरांएवढेच राहतात. फक्त जे जातं ते हलकं असतं आणि जे उरतं ते सगळं जड, श्वास घ्यायला म्हणून एखादा सोपा विषय असतो ना तो आपल्या वाट्याला येत नाही.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती कोणी सांगत नाही. सकाळी ॲनालिसिसच्या तासाला तुम्ही दीड तास घालवून सिद्ध करता की एक साधी लिमिट खरंच अस्तित्वात आहे, एप्सिलॉन दिला, डेल्टा शोधला, सगळं रीतसर. दुपारी फिजिक्सच्या तासाला सर डीएक्सने दोन्ही बाजूंना गुणतात, इंटिग्रल आणि सिरीजची अदलाबदल करतात, तिसऱ्या टर्मपासून पुढचं सगळं "छोटं आहे" म्हणून पुसून टाकतात आणि उत्तर बरोबर येतं! पहिले काही महिने डोक्यात एकच चालू असतं की या दोघांपैकी एक जण आपल्याला फसवतोय. कोणी फसवत नाहीये, पण दोघांची "झालं" म्हणायची जागा वेगळी आहे. गणितात झालं कधी, तर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे आणि मधे कुठे फट नाही असं दिसल्यावर. फिजिक्समधे झालं कधी, तर युनिट जुळलं, टोकाच्या केसमधे जे व्हायला पाहिजे ते झालं, आकडा अंदाजात बसला आणि शेवटी प्रयोगाने मान डोलावली की. अख्खी डिग्री म्हणजे या दोन "झालं" मधे दिवसातून चारदा उडी मारणं आहे. त्या उडीची सवय कशी लावायची एवढंच मला सांगायचंय.

आधी लोलक

साधा लोलक घ्या कारण तो शाळेपासून माहितीये. पिरियड, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, टू पाय रूट एल बाय जी (एल लांबी, जी गुरुत्वाचं त्वरण). हे कुठून आलं, तर साइन थीटाच्या जागी नुसता थीटा लिहून. फिजिक्सवाला म्हणतो छोटा अँगल आहे, चालतंय. गणितवाला विचारतो छोटा म्हणजे किती आणि चालतंय म्हणजे किती चूक? दोघांचंही बरोबर आहे आणि तुम्हाला दोन्ही यायला पाहिजे. टेलर सिरीजची पुढची टर्म ठेवली की कळतं की पिरियड साधारण १ अधिक थीटा वर्ग भागिले १६ इतक्या पटीने वाढतो, थीटा रेडियनमधे. २० डिग्रीला चूक येते पाऊण टक्क्याच्या आसपास. ९० डिग्रीपर्यंत ओढून सोडलात तर पिरियड चक्क १८ टक्क्यांनी जास्त येतो (हा आकडा नुसत्या त्या एका टर्मने येत नाही, पूर्ण एलिप्टिक इंटिग्रल करावं लागतं).

आता हे लॅबमधे नेऊ. एक मीटर लांबीच्या लोलकाचा पिरियड जवळपास २ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना बोटाची चूक ०.२ सेकंद धरा. एकच झोका मोजला तर १० टक्के चूक, म्हणून आपण २० झोके मोजतो, ४० सेकंदात ०.२ म्हणजे अर्धा टक्का. छान. पण तुम्ही २० डिग्रीला सोडला असेल तर साइनच्या जागी थीटा लिहिल्याची पाऊण टक्का चूक ही बोटाच्या चुकीपेक्षा मोठी आहे! म्हणजे तुम्ही झोके ५० मोजा नाहीतर १०० मोजा, जी चुकीचाच येणार, आणि जीमधे पिरियडचा वर्ग असल्यामुळे दीड टक्क्याने चुकणार. माझ्या पहिल्या रिपोर्टमधे नेमकं हेच झालं होतं आणि मी एररच्या कारणांमधे "हवेचा रोध" लिहून मोकळा झालो होतो, जे सगळेच लिहितात. गणित सकाळच्या वहीत होतं, लोलक दुपारच्या हातात होता, दोघांची गाठ घालून द्यायची अक्कल नव्हती.

उधारीची वही

हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे, बाकी विसरलात तरी चालेल.

दोन्ही डिपार्टमेंट एकमेकांशी बोलून टाइमटेबल लावत नाहीत. फिजिक्सला गणित लागतं आत्ता, आणि गणितवाले ते शिकवणार एक वर्षाने, पायापासून. इलेक्ट्रोमॅग्नेटिझममधे डायव्हर्जन्स आणि कर्ल (फील्ड एका जागेपासून किती पसरतं आणि किती गोल फिरतं याची मापं) पहिल्याच महिन्यात लागतात, वेव्ह आल्या की फुरियर लागतं (कोणतंही फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडणं), क्वांटमला हिल्बर्ट स्पेस (इनफायनाइट डायमेन्शनचीही चालणारी व्हेक्टर स्पेस) लागते जी मॅथ्समधे शेवटच्या वर्षाला येते, तीही ऑप्शनल असेल तर. मग फिजिक्सचे सर "तात्पुरतं वापरा" म्हणून एक रेसिपी देतात आणि विद्यार्थी दोन प्रकारे वागतात. एक प्रकार म्हणजे रेसिपी पाठ करून पुढे पळणारे, जे तिसऱ्या वर्षी अडकतात. दुसरा प्रकार मी, जो म्हणतो की सिद्ध झाल्याशिवाय वापरणारच नाही, आणि पाचव्या आठवड्यात क्लासच्या चार चॅप्टर मागे असतो.

मधला रस्ता म्हणजे उधारी. एक वेगळी छोटी वही करा. फिजिक्समधे जेव्हा जेव्हा सिद्ध न केलेलं गणित वापरलं जाईल तेव्हा त्यात एक ओळ लिहा, तारीख, काय वापरलं, कुठे वापरलं. "इंटिग्रलच्या आत डेरिव्हेटिव्ह नेला." "इनफायनाइट सिरीज टर्म-बाय-टर्म इंटिग्रेट केली." "डेल्टा फंक्शन नावाचं काहीतरी वापरलं जे शून्याशिवाय सगळीकडे शून्य आहे आणि तरी इंटिग्रल १ येतं." लिहिलं की बिनधास्त वापरा आणि पुढे जा. मग कधीतरी मॅथ्सच्या तासाला तो थिअरम येतो, युनिफॉर्म कन्व्हर्जन्स येतं किंवा डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स येतं, तेव्हा वही उघडून ती ओळ खोडायची आणि शेजारी लिहायचं की कोणत्या अटीवर चालतं. याचा दुहेरी फायदा आहे, फिजिक्स थांबत नाही, आणि मॅथ्सचा तो रटाळ वाटणारा थिअरम अचानक तुमच्या ओळखीचा निघतो कारण त्याची गरज तुम्हाला सहा महिन्यांपूर्वीच पडून गेलेली असते.

आणि उधारीवर जगायची लाज वाटू देऊ नका, मोठमोठे लोक उधारीवरच जगलेत. फुरियरने १८०७ साली उष्णतेवरचं काम पॅरिसला मांडलं तेव्हा लाग्रांजसारख्या माणसाला त्या साइन-कोसाइनच्या सिरीज पटल्या नव्हत्या, आणि त्या नक्की कधी कन्व्हर्ज होतात याचं धड उत्तर डिरिक्लेने दिलं १८२९ ला. बावीस वर्षं! डिरॅकने डेल्टा फंक्शन १९२० च्या दशकात क्वांटममधे बिनधास्त वापरलं, आणि त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणून नीट घर मिळालं ते लॉरां श्वार्ट्झच्या कामातून, १९४० च्या दशकात, ज्यासाठी त्याला १९५० चं फील्ड्स मेडल मिळालं. उलटंही होतं बरं का. १९२५ मधे हायझेनबर्गने जे आकड्यांचे तक्ते गुणायचा विचित्र नियम काढला, ते मॅट्रिक्स आहेत हे त्याला माहीतच नव्हतं, ते ओळखलं मॅक्स बोर्नने. आइनस्टाइनला वाकलेल्या स्पेसचं गणित हवं होतं ते रीमानने १८५४ मधेच करून ठेवलेलं, आणि त्याकडे बोट दाखवलं त्याच्या गणितवाल्या मित्राने, ग्रॉसमनने. म्हणजे कधी फिजिक्स पुढे असतं कधी गणित. तुमच्या टाइमटेबलची जी बोंब आहे ती इतिहासाचीच बोंब आहे.

सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत थोडं भांडवल जमवून ठेवलंत तर उधारी कमी होईल. पार्शल डेरिव्हेटिव्ह, कॉम्प्लेक्स नंबर आणि ई टू द आय थीटा, कॉन्स्टंट कोएफिशियंटची डिफरन्शियल इक्वेशन, मॅट्रिक्सचे गुणाकार आणि आयगेनव्हॅल्यू. एवढं हाताला बसलं की पुरे. ॲनालिसिस स्वतः आधी वाचायचा प्रयत्न करू नका, ते एकट्याने वाचायचं प्रकरण नाही, उगाच नाउमेद व्हाल.

एकच गोष्ट दोनदा शिकवतात, ती ओळखा

कोणता विषय सगळ्यात जास्त मनापासून करायचा असं विचाराल तर माझं उत्तर लिनियर अल्जेब्रा, आणि ही निवड जवळच्या स्पर्धेतली वगैरे नाही. दगड कितीही वेडावाकडा असू द्या, त्याला एकमेकांशी काटकोनात असलेले तीन अक्ष असतातच ज्यांच्याभोवती फिरवला तर अँग्युलर मोमेंटम अक्षाच्याच दिशेत राहतो. मेकॅनिक्सच्या तासाला हे जादूसारखं वाटतं. पण इनर्शिया टेन्सर हा रिअल सिमेट्रिक मॅट्रिक्स आहे आणि स्पेक्ट्रल थिअरम सांगतो की अशा मॅट्रिक्सला काटकोनातले आयगेनव्हेक्टर (मॅट्रिक्स लावला तरी आपल्याच रेषेत राहणारे व्हेक्टर) असतात, संपलं. स्प्रिंगने जोडलेल्या वस्तूंचे नॉर्मल मोड म्हणजे पुन्हा तेच. क्वांटममधे मोजता येणाऱ्या राशींना हर्मिशियन ऑपरेटर का, पुन्हा तेच, थोड्या मोठ्या अंगरख्यात. तीन वेगवेगळ्या वर्षांत तीन वेगवेगळे लोक तुम्हाला एकच थिअरम शिकवणार आहेत आणि कोणीही सांगणार नाही की हा तोच आहे.

थर्मोमधल्या मॅक्सवेल रिलेशन पाठ करायला लोक काय काय चौकोन आणि शब्द बनवतात. चारही रिलेशन म्हणजे मिक्स्ड पार्शल डेरिव्हेटिव्ह कोणत्याही क्रमाने घेतलं तरी सारखं येतं एवढंच वाक्य, चार वेगवेगळ्या एनर्जींना लावलेलं. आणि त्या चार एनर्जी एकमेकींपासून मिळतात लेझान्द्र ट्रान्सफॉर्मने, ज्याने मेकॅनिक्समधे लाग्रांजियनचा हॅमिल्टोनियन होतो. हे दिसलं की पाठांतर अर्धं होतं.

कधीकधी गाठ घालायला गेलं की भांडण निघतं आणि ते जास्त शिकवून जातं. लांब सरळ तारेतून करंट चाललाय, तारेच्या बाहेर मॅग्नेटिक फील्डचा कर्ल शून्य आहे. कर्ल शून्य म्हणजे पोटेन्शियल असणार, म्हणजे बंद वाटेने फिरून परत आलो की लाइन इंटिग्रल शून्य, हे तर पाठ झालेलं असतं. पण तारेभोवती एक फेरी मारा, अँपिअरचा नियम सांगतो उत्तर म्यू-नॉट (एक ठराविक स्थिरांक) गुणिले करंट. मग खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. थिअरममधे एक अट होती, की प्रदेशाला आरपार भोक नको, ती घाईत कोणी मोठ्याने वाचली नव्हती, आणि तार वगळली की त्या जागी भोकच पडतं. मला टोपोलॉजी म्हणजे कशाशी खातात हे या तारेने सांगितलं, टोपोलॉजीच्या कोर्सने नंतर. पुढे आहारोनोव्ह-बोम इफेक्ट शिकाल, १९५९ चा, तिथे हेच भोक परत भेटेल.

अजून एक, छोटं आणि गोड. पोझिशन आणि मोमेंटमचा तो प्रसिद्ध नियम, एक्स पी वजा पी एक्स बरोबर आय एच-बार (एच-बार म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले टू पाय). समजा हे एन बाय एन मॅट्रिक्स आहेत आणि दोन्हीकडचा ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) घ्या. डावीकडे शून्य, कारण एबी आणि बीए चा ट्रेस सारखाच. उजवीकडे आय एच-बार गुणिले एन, जे शून्य नाही. म्हणजे असे मॅट्रिक्स असूच शकत नाहीत, इनफायनाइट डायमेन्शनमधे जावंच लागतं, आणि तिथे गेलात की शाळकरी लिनियर अल्जेब्रा पुरत नाही, फंक्शनल ॲनालिसिस लागतं. दोन ओळींचं प्रूफ आणि एका अख्ख्या कोर्सची गरज कळली. अशा दोन ओळी गोळा करत राहा.

खुणांचा घोळ

हे लवकर उरकतो पण मार्क यातच जातात. फिजिक्सवाले स्फेरिकल कोऑर्डिनेटमधे थीटा वरच्या झेड अक्षापासून मोजतात आणि फाय गोल फिरवतात, गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत नेमकं उलटं. इनर प्रॉडक्ट गणितात सहसा पहिल्या जागेत लिनियर, फिजिक्समधे दुसऱ्या. गणितात चांदणी म्हणजे ॲडजॉइंट, फिजिक्समधे चांदणी म्हणजे कॉम्प्लेक्स कॉन्जुगेट आणि ॲडजॉइंटला डॅगर. फुरियरमधला टू पाय कुठे ठेवायचा याच्या तीन पद्धती आहेत. रिलेटिव्हिटीत वजा चिन्ह टाइमला की स्पेसला यावर दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही पक्ष आपापल्या मताला देव मानतात. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की या कोर्समधे काय चालतं. माझी एक पूर्ण असाइनमेंट थीटा-फायच्या अदलाबदलीत गेली आहे, तपासणाऱ्याने शेवटी नुसतं एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

आठवडा कसा काढायचा

मॅथ्स आणि फिजिक्सचा अभ्यास एकाच पद्धतीने होत नाही, हे कळायला मला दोन सेमिस्टर लागले. गणिताच्या असाइनमेंटला वेळापेक्षा दिवस लागतात. म्हणजे काय, तर चार तास सलग बसण्यापेक्षा एक-एक तास चार दिवस बसा, कारण अडलेलं प्रूफ झोपेत, आंघोळीत, चालताना सुटतं आणि ते सुटण्यासाठी प्रश्न डोक्यात आधी शिरलेला पाहिजे. म्हणून मॅथ्सची असाइनमेंट मिळाली त्याच दिवशी फक्त वाचा, व्याख्या लिहून काढा, सोडवू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री उघडली तर ती सुटत नाही, कितीही हुशार असा. फिजिक्सची शीट तशी नाही, ती एका दमात होते, चित्र काढलं, समीकरण लावलं, हात चालवत राहिलं की तीन तासांत बरीचशी उरकते, त्यामुळे लोक सवयीने मॅथ्सलाही तसंच वागवतात आणि तिथेच घात होतो. माझा झाला.

प्रूफ वाचायची पद्धत सांगतो. थिअरमच्या अटी एका बाजूला लिहा आणि प्रूफ वाचताना प्रत्येक अट कुठल्या ओळीत वापरली तिथे खूण करा. एखादी अट कुठेच वापरलेली दिसली नाही तर एकतर तुम्ही ओळ चुकवली आहे, नाहीतर ती फालतू आहे, बहुतेक वेळा पहिलं. मग प्रत्येक अट काढून बघा काय मोडतं, एक उलटं उदाहरण शोधा. दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुस्तक न बघता लिहा. नुसतं वाचून "कळलं" वाटणं हा सगळ्यात मोठा धोका आहे, वाचताना सगळंच कळतं.

फिजिक्सचा प्रश्न सोडवायच्या आधी उत्तराचा अंदाज लिहा. खरंच लिहा, पेनने. मीटरमधे येईल की किलोमीटरमधे, मास दुप्पट केला तर वाढेल की कमी होईल, घर्षण शून्य केलं तर कोणतं ओळखीचं उत्तर परत यायला पाहिजे. आकडे शेवटपर्यंत टाकू नका, अक्षरंच ठेवा, कारण आकडे टाकले की युनिट आणि लिमिट दोन्ही तपासता येत नाहीत. गणिताकडून आलेली मुलं इथे एक चूक हमखास करतात, मीही करायचो, की रीतसर उत्तर काढलं, ते प्रकाशापेक्षा जास्त वेग देतंय, आणि तरी शांतपणे खाली दोन रेघा मारून सबमिट.

आणि दोन्हीच्या मधे पंधरा मिनिटं काहीच करू नका. ॲनालिसिसवरून थेट स्टॅट मेकवर (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) आलात तर पहिला अर्धा तास तुम्ही प्रत्येक अप्रॉक्सिमेशनशी भांडत बसता.

लॅब आणि कोडिंग

जॉइंट डिग्रीवाले लॅबला कमी लेखतात कारण आपण "थिअरीवाले". जितक्या लॅब मिळतात तितक्या नीट करा. मोजमापाची चूक कशी वाहत जाते हे एकदा हाताने अनुभवलं की स्टॅटिस्टिक्स वेगळं शिकावं लागत नाही. रीडिंग थेट वहीत, पेनने, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवीन, आणि घरी जाऊन "सुंदर" करायचं नाही.

कोडिंग पहिल्याच वर्षी सुरू करा, पायथॉन पुरे. हा एक प्रयोग जरूर करा. स्प्रिंगचं साधं समीकरण घ्या, ओमेगा १, टाइम स्टेप ०.१, आणि सगळ्यात साधी ऑयलर मेथड लावा. एनर्जी प्रत्येक स्टेपला १ टक्क्याने वाढेल, १०० स्टेपनंतर २.७ पट झालेली असेल, फुकटची वीज तयार. आता कोडमधे एकच बदल करा, आधी नवीन वेग काढा आणि पोझिशन बदलताना तो नवीन वेग वापरा. एनर्जी आता थोडी वर-खाली होत राहते पण पळत नाही. का? त्याचं उत्तर हॅमिल्टोनियन मेकॅनिक्सच्या जॉमेट्रीत आहे, दुसरी मेथड ती जॉमेट्री मोडत नाही. एका ओळीच्या बदलामागे अख्खा विषय लपलाय हे बघायला मजा येते. लाटेकही (गणिताची समीकरणं नीट टाइप करायचं सॉफ्टवेअर) याच वर्षी शिका, शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या आठवड्यात शिकणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत.

माणसं आणि टाइमटेबल

तुम्ही दोन्हीकडे पाहुणे असता. मॅथ्सवाल्यांना वाटतं हा फिजिक्सचा, फिजिक्सवाल्यांना वाटतं हा मॅथ्सचा, दोन्ही ग्रुपचे मेसेज तुमच्यापर्यंत उशिरा येतात. तर दोन मित्र मुद्दाम जोडा, एक पक्का गणितवाला, एक पक्का फिजिक्सवाला. गणितवाल्याला फिजिक्सचं डेरिव्हेशन समजावून सांगा, तो प्रत्येक ओळीला "का" विचारेल आणि तुमची उधारीची वही भरेल. फिजिक्सवाल्याला थिअरम समजावून सांगा, तो विचारेल "उदाहरण दे", आणि नव्वद टक्के वेळा तुमच्याकडे नसेल.

तासांची आणि परीक्षांची टक्कर होते, कारण दोन ऑफिसं वेगळी. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही टाइमटेबल शेजारी ठेवून बघा आणि टक्कर दिसली की लेखी कळवा. शेवटी कळवलं की उत्तर एकच, आता उशीर झाला.

इलेक्टिव्ह निवडताना मात्र डोकं लावा. सगळ्यात वाईट निवड म्हणजे मॅथ्समधून एक आवडला म्हणून, फिजिक्समधून एक सोपा म्हणून, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. जोड्या लावा. डिफरन्शियल जॉमेट्री घेतली तर जनरल रिलेटिव्हिटी घ्या. फंक्शनल ॲनालिसिसबरोबर ॲडव्हान्स्ड क्वांटम. ग्रुप आणि रिप्रेझेंटेशन थिअरीबरोबर पार्टिकल फिजिक्स, प्रोबॅबिलिटीबरोबर स्टॅट मेक, न्यूमेरिकल मेथडबरोबर फ्लुइड. शक्यतो गणिताचा भाग अर्धं सेमिस्टर तरी आधी. एमी नेटरचा १९१८ चा थिअरम, सलग (कंटिन्युअस) सिमेट्री असेल तिथे कॉन्झर्व्हेशन लॉ असतो तो, क्लासिकल मेकॅनिक्सच्या पुस्तकात एका पानात उरकतात, ग्रुप्स शिकून झाल्यावर परत वाचा, वेगळाच दिसतो. आणि एक व्यवहाराची गोष्ट, पुढे शुद्ध मॅथ्सला किंवा शुद्ध फिजिक्सला जायचं असेल तर तिथे काय काय कोर्स मागतात ते दुसऱ्या वर्षीच बघून ठेवा. जॉइंटवाल्यांचा सहसा एखादा अल्जेब्राचा किंवा एखाद्या लॅबचा कोर्स कमी पडतो, आणि शेवटच्या सेमिस्टरला तो घुसवायला जागा नसते.

परीक्षेबद्दल थोडक्यात. मॅथ्सला व्याख्या आणि थिअरमची विधानं शब्दशः पाठ पाहिजेत, हो पाठ, यात कमीपणा नाही, व्याख्या हलली की प्रूफ कोसळतं. फिजिक्सला जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. आणि पेपरला बसल्यावर आधी आठवा की आज कोणाच्या घरी आहोत. फिजिक्सच्या पेपरात मी एकदा लिमिट आणि इंटिग्रल बदलायचं समर्थन करण्यात पाऊण पान घालवलं, त्याचे शून्य मार्क, आणि शेवटचा प्रश्न राहिला.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला विषय सुचत नाही असं होईल, तेव्हा ती उधारीची वही काढा. जी ओळ तीन वर्षांत खोडली गेली नाही ना, तिथेच विषय आहे, मी तसाच शोधला. डिग्री संपली तेव्हा माझ्या वहीत ११ ओळी शिल्लक होत्या, आता चार आहेत. त्यातली एक फाइनमनचं पाथ इंटिग्रल, जिथे सगळ्या वाटांवर बेरीज करतात पण ती बेरीज म्हणजे नेमकं काय हे सरसकट अजून कोणाला नीट बसवता आलेलं नाही. दुसरी यांग-मिल्स थिअरी (कणांमधल्या बलांची), फिजिक्समधे रोज वापरतात, गणितात तिचा पाया घालून मास गॅप (सगळ्यात हलक्या कणाचंही मास शून्यापेक्षा ठराविक जास्त असणं) सिद्ध करा असं म्हणून क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली दहा लाख डॉलर लावून ठेवलेत, ते अजून तसेच पडून आहेत.